वाघ दिसेपर्यंत कार्ड कसे भरावे

ताडोबाची सफारी ठरवताना कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यावे, याचा एक सर्वमान्य क्रम आहे आणि तो आपण मोडू नये. प्रवेशद्वार मोहर्लीचे घ्यावे की कोलाऱ्याचे, यावर घरात आठवडाभर खल करावा. आरक्षण कित्येक महिने आधी करावे. ६०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी लेन्स भाड्याने आणावी आणि तिच्या अनामत रकमेचा आकडा घरात कोणालाही सांगू नये. मातकट हिरव्या रंगाचे दोन शर्ट घ्यावेत, कारण वाघाला भडक रंग खपत नाहीत असे सोसायटीतील एका अनुभवी गृहस्थांनी बजावलेले असते. ही सगळी सिद्धता झाल्यावर, ज्या फोटोंसाठी एवढा खटाटोप चालला आहे ते साठणार कशात, हा प्रश्न उरतो. तो निघण्याच्या आदल्या रात्री, बॅगेची चेन लावताना सुचला पाहिजे. त्याआधी सुचल्यास मनावर घेऊ नये.

आदल्या रात्री शोधाशोध केली की टीव्हीखालच्या खणात, सेफ्टी पिना, संपलेले सेल आणि गेल्या वर्षीची राखी यांच्यामध्ये, ६४ जीबीचे एक जुने मेमरी कार्ड हमखास सापडते. त्यात मामेबहिणीचे लग्न असते. तीन हजारांहून अधिक फोटो आणि मंगलाष्टकांचे सलग चित्रण, असा तो ऐवज दोन वर्षांपासून 'एकदा संगणकावर घ्यायचा आहे' या सदरात जमा असतो. आपण तो याही वेळी घेऊ नये. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, सकाळी नागपूरची गाडी असते, आणि भरलेले कार्ड व रिकामे कार्ड बाहेरून अगदी सारखेच दिसतात. हे कार्ड 'राखीव' म्हणून पिशवीत टाकावे. मनाला मोठा आधार वाटतो.

ज्यांना नवेच कार्ड घ्यायचे असेल त्यांनी ते किमतीकडे पाहून घ्यावे. पाचशे रुपयांच्या आत चक्क एक टीबीचे कार्ड ऑनलाइन मिळत असताना, त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून १२८ जीबीचे कार्ड घेणारे लोक या देशात आहेत, हे पाहून वाईट वाटते. स्वस्त कार्डाची खुबी अशी, की त्याच्या पोटात जागा असते ८ किंवा १६ जीबीची, पण त्यातील नियंत्रक चिप कॅमेऱ्याला बिनदिक्कत सांगते की आपण एक टीबीचे आहोत. कॅमेरा भाबडा असल्याने विश्वास ठेवतो. खरी जागा संपल्यावरही तो फोटो घेतच राहतो, यादीत त्यांची नावेही दिसतात; घरी उघडून पाहिल्यावर मात्र तेथे एक शांत राखाडी चौकट असते, किंवा आधीच्या फोटोंवर नंतरचे बसलेले असतात. असे कार्ड घरीच एकदा काठोकाठ भरून आणि पुन्हा वाचून पाहिले तर ही खुबी उघडी पडते. म्हणून तो हट्ट धरू नये.

कार्डावर छापलेल्या आकड्यांविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे. सर्वांत मोठा आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो, लिहिण्याचा नव्हे. लिहिण्याचा किमान हमीचा वेग 'व्ही-३०' अशा बारीक खुणेत दडलेला असतो आणि त्याचा अर्थ सेकंदाला ३० एमबी. आपण मोठ्या आकड्यावर समाधान मानावे. बारीक अक्षरे वाचण्याची सवय एकदा लागली की विम्याची कागदपत्रेही वाचावीशी वाटू लागतात.

आता कॅमेऱ्याची मांडणी. रॉ (फोटोची कच्ची, जड फाइल) आणि जेपेग (त्याचीच दाबून हलकी केलेली प्रत) दोन्ही चालू ठेवावे, कारण पुढे कशाची गरज पडेल ते सांगता येत नाही. बर्स्टचा (बटण दाबून धरले की सलग फोटो निघतात, त्याचा) वेग सेकंदाला २० फोटो, म्हणजे कॅमेऱ्यात असेल तेवढा सगळा ठेवावा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रॉ साधारण ३० एमबीचे आणि जेपेग १० एमबीचे धरले, तर एका फोटोला ४० एमबी, एका सेकंदाला ८०० एमबी, आणि ६४ जीबीच्या कार्डाला बटण दाबून धरण्याची एकूण ८० सेकंदे, एवढा हा हिशेब आहे. चहा उकळायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. शिवाय एका सेकंदात साठलेला हा माल सेकंदाला ३० एमबीच्या दाराने आत जायला जवळजवळ २७ सेकंदे घेतो, आणि तेवढ्यात कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती तुंबली की बटण दाबूनही काही होत नाही. हे गणित दहावीच्या पातळीचे आहे. परंतु सहलीच्या उत्साहात गणित मांडणे हे पंगतीत बसून उष्मांक मोजण्यासारखे असल्याने ते टाळावे.

प्रस्तुत लेखकाने हे सर्व नियम काटेकोरपणे पाळलेले असल्यामुळे पुढील सल्ला ऐकीव नाही. मे महिन्यातली पहाट होती आणि मोहर्लीच्या प्रवेशद्वारावर जिप्सी रांगेत उभ्या होत्या. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मोबाइल वापरण्यास मनाई असल्याने जो काही पुरावा न्यायचा तो कॅमेऱ्यातूनच न्यावा लागणार होता, त्यामुळे लेखकाने फाटक उघडण्यापूर्वीच फाटकाचे साठ फोटो घेतले. ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले म्हणून सांगितले जाणारे दगडी खांब आहेत. खांब हलत नाहीत, तरीही ते सेकंदाला २० या वेगाने टिपले. मग चितळे आली. पहिल्या कळपाला दोनशे, दुसऱ्याला दोनशे, तिसऱ्या कळपातील एका नराची शिंगे कोवळ्या मखमलीतली असल्याने त्याला स्वतंत्रपणे दीडशे, असा सढळ हाताने कारभार चालू होता. गाइड मागे वळून समजुतीच्या स्वरात म्हणाला, "साहेब, हे तं चितळ आहे. लय भेटतीन अजून." असले बोलणे आपण कानांआड करावे. गाइडला रोज चितळे दिसतात. त्याला त्यांचे काय कौतुक असणार? त्यानंतर मोर, वानरे, एक सर्पगरुड, पाणवठ्यावर पाठमोरा उभा असलेला गवा आणि मोहाच्या झाडाखाली बसलेले एक पाखरू, जे घरी मोठे करून पाहिल्यावर वाळलेले पान निघाले.

दीड तास असा सत्कारणी लागला. पांढरपौनीच्या पाण्याजवळ वानराने वरून खाकरल्यासारखा इशारा दिला, मागोमाग चितळाचा कॉल आला, सगळ्या जिप्सींची इंजिने बंद झाली, आणि बांबूच्या बेटातून वाघीण बाहेर आली. ती घाईत नव्हती. उजवा पुढचा पंजा टाकताना तिच्या खांद्याचे हाड कातडीखाली वर येई आणि खाली जाई, इतकी ती जवळ होती. लेखकाने बटण दाबले. पडद्यावर 'कार्ड भरले आहे' ही अक्षरे उमटली.

अशा प्रसंगी घाबरून न जाता राखीव कार्ड काढावे. ते पिशवीच्या तळाशी, चिवड्याच्या पुडीखाली असते. ते खाचेत बसवल्यावर कॅमेऱ्याने ते वाचले आणि पडद्यावर हळद लागलेली मामेबहीण प्रसन्नपणे हसली. तेही भरलेले होते. मग पुन्हा पहिले कार्ड घालून चितळे एकेक करून पुसायला घेतली. प्रत्येक चितळाला कॅमेरा 'हा फोटो पुसायचा का?' असे अदबीने विचारतो आणि आधी 'नाही' वर उभा असतो. तेथून 'होय' वर जायचे, दाबायचे, थांबायचे. मान खाली घालून एवढ्या एकाग्रतेने काम करण्याची संधी कार्यालयातही मिळत नाही. "साहेब, फोटू काढा ना, ते जाऊन राहिली!" गाइड कुजबुजत होता. नऊ चितळे पुसून झाली, नऊ फोटोंची जागा मोकळी झाली, लेखकाने कॅमेरा उचलून बटण दाबले, आणि सेकंदाला २० या वेगाने ती जागा अर्ध्या सेकंदाच्या आत भरली. त्या नवांपैकी आठांत बांबू होता. नवव्यात, क्रमांक १६०९, वाघिणीने मान वळवून थेट जिप्सीकडे पाहिले होते. मागच्या बाकावरची सात-आठ वर्षांची मुलगी नंतर आईला सांगत होती की वाघिणीने एकदा जांभईसुद्धा दिली. लेखकाला जांभईविषयी काही माहिती नाही. तो त्या वेळी सातवे चितळ पुसत होता.

एकेक पुसण्याचा कंटाळा येत असेल तर 'सर्व पुसा' हा मार्ग आहे, आणि भर जंगलात घाम पुसत तो निवडणारे शूर लोक लेखकाने पाहिले आहेत. वास्तविक पुसल्याने किंवा झटपट फॉरमॅटने फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. कार्डाच्या अनुक्रमणिकेतून केवळ त्यांची नोंद जाते, आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ते बहुतेक वेळा परत काढता येतात. त्यामुळे चूक लक्षात येताच कार्ड बाजूला काढून ठेवणारा मनुष्य थोडक्यात वाचतो. आपण तसे न करता ताबडतोब पुढच्या झाडाचे फोटो काढू लागावे. लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड उपसणे, हाही एक जुना आणि भरवशाचा उपाय आहे.

कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दुसरीत काहीही घालू नये. तीत कार्ड घातले तर प्रत्येक फोटोची दुसरी प्रत आपोआप बनू शकते, आणि मग सांगण्यासारखी हकीकत घडतच नाही.

संध्याकाळी रिसॉर्टवर आल्यावर फोटो लॅपटॉपवर उतरवायला घ्यावेत आणि कार्ड लॅपटॉपमध्येच ठेवून झोपावे. पहाटे चारला, अंधारात, डोळे चोळत निघताना ते आठवत नाही. अनेक कॅमेऱ्यांत कार्ड नसतानाही बटण चालू देणारी एक सोय असते. ती सुरू असल्यास दुसऱ्या दिवशीची सबंध सफारी, रानकुत्र्यांच्या टोळीसकट, कुठेही न साठता अत्यंत समाधानकारक आवाजात टिपता येते.

जाणकार मंडळी तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, असा एक नियम सांगतात. त्याचे पालन करावे, परंतु आपल्या पद्धतीने: कार्ड, लॅपटॉप आणि हार्ड डिस्क अशा तिन्ही प्रती एकाच पिशवीत भरून ती पिशवी जिप्सीत पायांशी ठेवावी. हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची असल्यास उत्तम. गाभ्याबाहेरच्या बफर क्षेत्रातल्या कच्च्या रस्त्याचे खड्डे तिला मनापासून भेटतात. दुसऱ्या ठिकाणची प्रत म्हणून क्लाउड आहेच. गूगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, त्यांत पत्रव्यवहारही धरलेला असतो, आणि त्यातील बराचसा भाग आत्याने पाठवलेल्या सुप्रभातांनी कधीच व्यापलेला असतो. समजा पैसे भरून जागा घेतली, तरी १०० जीबी फोटो सेकंदाला ५ मेगाबिटच्या वेगाने वर चढवायला ४४ तासांहून अधिक वेळ लागतो. आपला मुक्काम दोन रात्रींचा असतो आणि त्यांत वीज किती वेळ असेल हे रिसॉर्टचा व्यवस्थापकही छातीठोकपणे सांगत नाही. तरीही 'अपलोड होत आहे' ही अक्षरे पाहत जेवायला जाण्यात एक सुख आहे.

घरी परतल्यावर कामाचा शेवटचा टप्पा येतो. 'ताडोबा' नावाचे फोल्डर करावे आणि दोन्ही कार्डे त्यातच उतरवावीत, म्हणजे लग्नाचे राहिलेले कामही एकदाचे उरकते. दर नव्या कार्डाला फोटोंचे क्रमांक पुन्हा ०००१ पासून सुरू करण्याची एक मांडणी कॅमेऱ्यात असते. लेखकाच्या कॅमेऱ्यात ती होती, हे त्याला फार उशिरा कळले. आधी सफारीचे कार्ड उतरले. मग लग्नाचे उतरू लागले, आणि संगणकाने विचारले की याच नावाची फाइल येथे आधीपासून आहे, तिच्या जागी नवी ठेवायची का. प्रवासाचा शीण होता, समोर गरम पिठलं-भात होता, आणि खाली 'सर्वांसाठी होय' अशी सोयीची चौकट होती.

ते झाल्यावर कार्डे पुढच्या सहलीसाठी रिकामी हवीत म्हणून त्याच रात्री फॉरमॅट केली, आणि ती खरोखरच रिकामी झाली आहेत ना हे पाहण्यासाठी गच्चीवरच्या कबुतरांवर दोन्ही पुन्हा काठोकाठ भरून पाहिली. या एकाच बाबतीत लेखकाने कमालीची दक्षता घेतली.

पाहुणे आले की आजही 'ताडोबा' उघडून क्रमांक १६०९ दाखवता येतो. पंगतीत मठ्ठा वाढणारे एक गृहस्थ आहेत, वाटी किंचित कलली आहे, आणि त्यांनी मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहिले आहे. फोकस अचूक आहे. मिशीवरचा मठ्ठ्याचा थेंबसुद्धा स्पष्ट दिसतो.