तसबीर मापात बसवण्याची घाई

बडोद्याच्या २०२४च्या पुरात भिंतीत मुरलेली ओल जाऊन नवा रंग लागेपर्यंत दिवाणखाना बोडकाच होता. मग फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थिनीकडून एक एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवरून छापलेलं चित्र, घेतलं. साडेतीन हजार. खालच्या कोऱ्या समासात पेन्सिलीने डावीकडे ९/१५, म्हणजे पंधरा प्रतींतली नववी, उजवीकडे सही.

आई म्हणाली, "छापलेल्या चित्राला एवढे पैसे?"

हा प्रश्न बडोद्यात पडावा याची गंमत वाटते. पाहुणे आले की आपण त्यांना फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची चित्रं दाखवायला नेतो. पण चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, असं त्याला सुचवलं होतं ते बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनीच. पुढे १८९४ साली त्याने मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, असं करत छापलेली त्याची लक्ष्मी आमच्या देवघरात आजीच्या काळापासून आहे. आई रोज तिला हळदकुंकू लावते. "तीही छापलेलीच," म्हटल्यावर आईने विषय बदलला.

तरी छापील आणि छापील यात फरक आहेच. ऑनलाइन मिळतो तो कॅनव्हास प्रिंट मशीन हवा तेवढा काढतं. घ्यायला हरकत नाही, फक्त 'लिमिटेड', म्हणजे मोजक्याच प्रती, म्हणून जास्त पैसे देऊ नका. एचिंगमध्ये धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरल्या जातात. त्यांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. दर प्रतीला हे सगळं पुन्हा. कागद तिरप्या उजेडात धरा, प्लेटच्या कडेचा दाब चौकटीसारखा उमटलेला दिसेल.

एवढं ज्ञान असूनही मी काय केलं? चित्र फ्रेमवाल्याकडे टाकून भाजी घ्यायला खंडेराव मार्केटला गेलो. परत येऊन बघतो तर सोनेरी फ्रेम, चकचकीत काच आणि समास गायब. सही, आकडा, प्लेटचा दाब, सगळं कापून केराच्या टोपलीत! "काका, तयार फ्रेममध्ये बसत नव्हतं," तो शांतपणे म्हणाला. शिवाय मागून डिंक लावून हार्डबोर्डवर पक्कं चिकटवलेलं. आता ते सोडवायचं तर कागद फाटणार.

त्याच्यावर चिडलो खरा, पण चूक माझी. फ्रेम चित्राच्या मापाची करून घ्यायची असते, हे मी बोललोच नव्हतो. समासासकट, चित्राभोवती आम्लरहित माउंटबोर्ड (जाड पुठ्ठ्याची चौकट) लावून, म्हणजे कागद काचेला टेकत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेकलेला कागद चिकटतोच. आणि डिंक नको, वरच्या कडेला कागदी पट्ट्यांच्या दोन बिजागऱ्या पुरतात. असं केलं तर फ्रेमचा खर्च चित्राच्या बरोबरीने जाईल. जाऊ द्या.

त्या मुलीला अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.

चित्र भिंतीवर आहे. आई आता पाहुण्यांना ठसक्यात सांगते, "पंधरातलं नववं आहे." पाहुणे जवळ जाऊन आकडा शोधतात, तेवढ्यात मी चहा आणायला आत जातो.