थर मोजून काय होणार?

२६ एप्रिल २०२५ च्या रात्री उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅम स्टेडियममध्ये ख्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन हे बॉक्सर बारा राउंड एकमेकांवर तुटून पडले. मी घरी टीव्हीसमोर होतो, पण शेवटच्या राउंडला बसून राहणं शक्यच नव्हतं. युबँक जिंकला आणि नंतर त्याला इस्पितळात दाखल व्हावं लागलं. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी दोन ओळी टाकल्या, तर ठाण्याच्या मित्राचं लगेच उत्तर आलं, "हा रानटीपणा तुला बघवतो कसा? बंदीच घातली पाहिजे." हाच मित्र दर गोपाळकाल्याला नऊ थरांचे व्हिडिओ पाठवतो. तेव्हा कुणी हेल्मेटचा विषय काढला, की "आमच्याच सणांवर का डोळा?" म्हणून पेटून उठतो.

मला दोन्ही बघवतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणून त्याच्याशी वाद घालायला मी तसा लायक माणूस नाही. पण त्या लढतीच्या जागेला एक इतिहास आहे, आणि तो त्याला माहीत असावा असं वाटतं.

आजचं स्टेडियम जिथे आहे, तिथेच जुनं व्हाइट हार्ट लेन होतं. २१ सप्टेंबर १९९१ ला तिथे याच युबँकचे वडील मायकेल वॉटसनशी लढले. बाराव्या राउंडला लढत थांबली आणि थोड्याच वेळात वॉटसन रिंगमध्ये कोसळला. डॉक्टर हजर होते, पण मेंदूला मार लागलेल्या माणसाला जागच्या जागी ऑक्सिजन देऊन सावरण्याची तयारी नव्हती. मोलाची मिनिटं गेली. आधी ज्या इस्पितळात नेलं, तिथे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. तिथून पुन्हा दुसरीकडे. वॉटसन चाळीस दिवस कोमात होता. जगला, पण अंग कायमचं अधू झालं.

पुढे त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाला कोर्टात खेचलं. बोर्डाचं म्हणणं साधारण असं, की आम्ही नियम करणारे, लढत भरवणारे वेगळे. डिसेंबर २००० मध्ये अपील कोर्टाने ते मानलं नाही. नियम तुम्ही करता, खेळाडू त्या नियमांवर विसंबून रिंगमध्ये उतरतो, तर उपचाराची नीट सोय झाली की नाही याची जबाबदारी तुमचीच. भरपाई देता देता बोर्डाला लंडनमधलं मुख्यालय विकावं लागलं. वॉटसनने मात्र २००३ ची लंडन मॅरेथॉन सहा दिवस चालून पूर्ण केली आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्या शेजारून थोरला युबँक चालत होता.

आता आपल्याकडे बघू. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीला वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. २०१७ मध्ये उंचीची अट गेली, वय चौदावर आलं. २०२२ मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, गोविंदांसाठी विमा आणि मदतीच्या रकमा आल्या. एवढी वर्षं आपण काय मोजत बसलो? फूट आणि वय. सणाच्या तोंडावर याचिका, चॅनेलवर "संस्कृती विरुद्ध कोर्ट", आणि दुसऱ्या दिवशी जखमींचा आकडा.

विमा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण विमा पडल्यानंतर पैसे देतो. थर कोसळल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्या पोराची मान कोण धरणार, त्याला उचलायचं कसं हे कुणाला शिकवलंय, गर्दीतून अॅम्ब्युलन्स कुठल्या गल्लीने बाहेर पडणार, रात्री न्यूरोसर्जन कुठे सापडेल, आणि यातलं काही चुकलं तर कोणाचं मुख्यालय विकलं जाईल? लाखांचं बक्षीस जाहीर करणाऱ्या फ्लेक्सवर नावं भरपूर असतात. जबाबदारीच्या कागदावर त्यातलं कुठलं उतरतं?

इथे ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र मित्राने समजू नये. ब्रिटनमधल्या डॉक्टरांची संघटना, बीएमए, कित्येक वर्षं बॉक्सिंगवर बंदी मागते आहे आणि तिला कोणी विचारत नाही. १९९५ मध्ये लंडनमध्येच जेराल्ड मॅक्लेलन कोसळला तेव्हा वॉटसनच्या प्रकरणानंतर केलेली तयारी कामी आली, त्याचा जीव वाचला. पण डोळे गेले ते गेलेच. त्याच्यासमोर होता नायजेल बेन, कॉनरचा बाप. म्हणजे २०२५ ला रिंगमध्ये उतरलेल्या दोन्ही पोरांच्या बापांनी समोरचा माणूस आयुष्यभरासाठी अधू झालेला पाहिला होता.

तरी या लढतीचा करार कसा होता बघा. धाकटा युबँक वजनाने मोठा, त्याला १६० पौंडांत यायचं. शिवाय लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन, तेव्हा १७० च्या वर जायचं नाही. थोडक्यात, अंगातलं पाणी आटवायचं आणि परत हवं तेवढं प्यायचंही नाही. पाणी आटलेल्या शरीराने डोक्यावर मार खाणं किती धोक्याचं, हे डॉक्टर कधीपासून सांगताहेत. त्याचं वजन ०.०५ पौंडाने, म्हणजे पाचेक चमचे पाण्याइतकं जास्त भरलं, तर दंड पावणेचार लाख पौंड! नियमांच्या देशात नियम असाही वापरता येतो. थोरल्या युबँकने या लढतीवर आधी कडाडून टीका केली होती, आणि त्या रात्री तोच मुलाबरोबर स्टेडियममध्ये आला. गर्दी वेडी झाली. मीही ओरडलो.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मित्राने अंगठा टाकला आणि विचारलं, "म्हणजे बंदी नको ना?" नको. पण यंदाच्या हंडीचा व्हिडिओ टाकशील तेव्हा कॅमेरा जरा खाली घे. अॅम्ब्युलन्स कुठे उभी होती, तेवढं मला दाखव.