प्रेशर कमी का ठेवला, तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार काका, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत तर दिलेत, पण बाकीचे लोकही वाचणार म्हणून इथेच लिहितोय. तुमचं म्हणणं असं की घराच्या भिंती मशीनने धुताना आमच्या मुलांनी पाण्याचा प्रेशर मुद्दाम कमी ठेवून काम उरकलं, अर्धा तास बागेला पाणी घालत टाइमपास केला, मागच्या भिंतीचा रंग फिकट पडला आणि जिन्याजवळचे पांढरे डाग आठवड्यात परत आले, सबब अर्धे पैसे परत द्या.

प्रेशरचं आधी. भिंतीवर प्रेशर कमीच ठेवायचा असतो हो. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंत चार महिने ओलीच, त्यात तुमची मागची बाजू उत्तरेची आणि वर फणसाची सावली, तिथे जे काळं दिसत होतं ती धूळ नव्हती, शेवाळ आणि बुरशी होती. नुसतं जोरात पाणी मारलं तर वरचं वरचं निघतं, दिवाळीपुरतं घर चकाचक, आणि आतलं जिवंत राहिलं की पुढच्या पावसात परत तेच. म्हणून आधी हायपो, म्हणजे ब्लीचचंच पाणी, पातळ करून मारतो, दहा-पंधरा मिनिटं थांबतो, काळं तपकिरी होऊन सुटायला लागलं की मग हलक्या प्रेशरने धुतो. लोकांना वाटतं मशीनचा आवाज जेवढा मोठा तेवढं काम चांगलं. फुल प्रेशर तुमच्या चिऱ्याच्या कंपाउंडवर मारला असता तर चिऱ्यातली माती सुटून भोकं मोठी झाली असती आणि स्लायडिंग खिडकीवर मारला असता तर पाणी थेट हॉलमध्ये.

बागेला पाणी घालत होते ते ह्या हायपोमुळेच. झाडं आधी चिंब भिजवली आणि नंतर परत धुतली की पानं करपत नाहीत. प्लास्टिक टाकून झाकता येतं पण उन्हात झाड आत शिजतं. तुमची तुळस आणि जास्वंद आज कशी आहे ते बघा आणि मग टाइमपास म्हणा.

रंगाचं म्हणाल तर काम सुरू करायच्या आधी तुमच्यासमोर भिंतीवर काळा रुमाल फिरवला होता, खडूसारखी पावडर लागली, तेव्हाच म्हटलं की रंग मेलाय, धुतल्यावर फिकट दिसणार आणि कुठे कुठे पॅच दिसणार, तुम्ही म्हणालात चालेल, यंदा रंगाचा खर्च नको. कोटेशनवरही लिहिलंय. धुण्याने भिंत स्वच्छ होते, नवी होत नाही.

आता ते पांढरे डाग. तो मळ नाही काका, लोणा आहे. भिंतीत कुठून तरी पाणी मुरतंय, ते प्लास्टरमधले क्षार घेऊन बाहेर येतं आणि पाणी वाळलं की क्षार भिंतीवर राहतात, धुतलं की विरघळतात, वाळलं की परत हजर. ॲसिड का नाही मारलं विचारलंत, तर नुकतं ब्लीच मारलेल्या भिंतीवर ॲसिड पडलं की क्लोरीन गॅस सुटतो आणि जिन्यात तुमचा नातू खेळत होता. मी तरी नाही मारणार, एक स्टार द्या.

त्यामुळे पैसे परत देणार नाही, पण एक सांगतो ते करा. जिन्याच्या बरोबर वर गच्चीचं आउटलेट आहे, मला संशय तिथलाच आहे. आउटलेटमध्ये कापड कोंबून दोनेक इंच पाणी रात्रभर उभं ठेवा, सकाळी जिन्याच्या आतल्या बाजूला ओल आली तर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा, ते काम आमचं नाही. लोणा सुक्या ब्रशने झाडून टाका, पाणी लावू नका, आणि ओल बंद होईपर्यंत पेंटरला तिथे पुट्टी मारू देऊ नका, पोपडे धरून पडेल.