कमरेचा पट्टा वस्तऱ्याला चालत नाही

गेल्या रविवारी भाचा ऐरोलीहून आला, तो माझ्या वडिलांचा वस्तरा रुमालात गुंडाळून. "मामा, हा आता दाढी करतच नाही, नुसता ओढतो," म्हणाला. मी दहापटीचं भिंग काढलं आणि खिडकीशी जाऊन धार उजेडात धरली. चांगली धार उजेडात दिसत नाही, कारण प्रकाश परतवण्याइतकी जागाच तिच्यावर नसते. इथे टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकापासून, मध्यापर्यंत चांदीची तार ठेवावी तशी रेघ चमकत होती आणि तिच्यात दोन बारीक खळगे होते.

काय केलंस, विचारल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. गेले काही महिने सगळीकडे फिरतोय तोच मजकूर. दाढीआधी वस्तरा ज्यावर घासतात त्या पट्ट्याऐवजी घरातला कुठलाही चामडी कमरपट्टा चालतो. तो खोबरेल तेल पाजून मऊ ठेवावा. जोर लावून त्यावर वस्तऱ्याचे शंभर हात मारले की बोथट वस्तराही नव्यासारखा होतो. वर हिरवी पेस्ट चोळली की धारेचा दगड जन्मात लागत नाही. आणि शेवटी, सलूनवाल्यांनी पट्टा सोडला तो आळसापायी, ब्लेडच्या कंपन्यांच्या नादी लागून.

आमचं ठाण्यात कोपरीला दुकान होतं. वडिलांच्या खुर्चीच्या हाताला पट्टा अडकवलेला असे आणि त्याच्या सपसप आवाजात मी शाळेचा अभ्यास केलाय. त्यामुळे या मजकुरातलं शेवटचं वाक्य मला फार लागलं. पण आधी पहिल्यापासून घेतो, कारण पहिल्या चार गोष्टींनी एक वस्तरा माझ्यासमोर खराब झालेला आहे.

कमरपट्ट्याचं आधी. तो कमरेभोवती वाकावा म्हणून केलेला असतो, सपाट राहावा म्हणून नाही. बाजारातल्या बहुतेक पट्ट्यांवर पॉलियुरेथेनचा थर चढवलेला असतो. स्वस्तातल्या पट्ट्यांच्या आत अखंड चामडं नसतंच, चामड्याचा चुरा चिकटवून दाबलेला असतो. रुंदी जेमतेम दीड इंच आणि दोन्ही कडांना शिवण. वस्तऱ्याचं पातं साधारण तीन इंच लांब. म्हणजे धार प्रत्येक वेळी त्या शिवणीवरून जाते. धारेची जाडी एका मायक्रॉनहून कमी आणि माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड, एवढं लक्षात घेतलं तर ताठ दोऱ्याचा एकेक टाका त्या धारेला काय वाटत असेल ते कळेल. भाच्याच्या पट्ट्याला दुहेरी शिवण होती.

वस्तऱ्याचा पट्टा अडीच ते तीन इंच रुंद हवा. दोन इंची असेल तर पातं तिरकं सरकवत न्यावं लागतं, नाहीतर टोक किंवा टाच कोरडीच राहते. चामडं जनावराच्या पाठीकडचं घ्यावं. पोटाकडचं सैल असतं, लवकर ताणतं. ते झाडाच्या सालीने कमावलेलं असावं, व्यापारी ज्याला 'व्हेज टॅन' म्हणतात ते. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ती हीच जुनी पद्धत. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं बहुधा जास्त मऊ आणि लवचीक असतं, पर्सला उत्तम. न रंगवलेलं असेल तर ओळखायला सोपं: कापलेली कड बघा. आत निळसर-करडी झाक दिसली तर क्रोम, आरपार बदामी असेल तर साल. सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो जिरतो आणि डाग गडद होतो. ठाण्याहून शीवला उतरून धारावीच्या चामड्याच्या दुकानांत गेलात तर कापून मिळतं, पण पाठीचा तुकडा आणि एकसारखी जाडी आहे ना, हे आपणच बोटांनी चाचपून घ्यायचं. म्हशीचं चालतं, फक्त वरची बाजू गुळगुळीत असावी. परदेशात घोड्याच्या पुठ्ठ्याच्या चामड्याचं मोठं नाव आहे आणि ते आहेही सुरेख, पण त्यावाचून आमचं दुकान कधी अडलं नाही.

एक मात्र मान्य करतो. कापडाच्या बाबतीत तो मजकूर इतका चुकलेला नाही. त्यात जीन्सचा तुकडा चालेल असं ओझरतं म्हटलंय आणि ते खरं आहे. चामड्याआधी जाड सुती कापडावर वीसेक हात मारले की धारेला चिकटलेला साबणाचा आणि ओलाव्याचा अंश निघतो. वडिलांच्या पट्ट्याला मागे कॅनव्हासची पट्टी होती ती यासाठीच.

आता जोर. सगळ्यात जास्त वस्तरे यानेच मरतात. वस्तरा पट्ट्यावर आडवा टेकवला की पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. धारेचा सोळा-सतरा अंशांचा कोन त्या पाठीच्या जाडीनेच ठरलेला असतो. आपण काही ठरवायचं नसतं, फक्त बिघडवायचं नसतं. जोर दिला किंवा पट्टा ढिला धरला की चामडं पात्याखाली दबतं आणि धारेच्या मागे लगेच वर उठतं. मग धार सपाट घासली न जाता त्या उंचवट्यावरून वळून जाते आणि प्रत्येक हाताला थोडी थोडी गोल होते. शंभर हात मारले तर शंभर वेळा. भिंगाखाली दिसलेली चांदीची तार तीच. वडील माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे आणि म्हणायचे, "वस्तऱ्याचं वजन पुरे. तुझं नको." पाठ पुढे, धार मागे, टोकाला पोचल्यावर पाठीवरच उलटवायचं, धार वर. धारेवर उलटवलं तर पट्ट्याला चीर पडते. शिकताना मी पाडली होती. बारीक पॉलिश पेपरने तिची कड घासून सपाट केली आणि पट्टा पुढे अनेक वर्षं चालला, पण त्या संध्याकाळी वडील जेवताना बोलले नव्हते. हात किती? कापडावर वीस, चामड्यावर चाळीस-पन्नास, तेही दाढीच्या आधी.

भाड्याच्या घरात पट्टा टांगायला खिळा ठोकता येत नसेल तर सपाट लाकडी फळीवर चिकटवलेलं चामडं घ्या. ते झोळ पडू देत नाही, नवशिक्याला उलट बरंच.

तेलाचं थोडक्यात सांगतो. तेल प्यायलेलं चामडं फुगतं, लिबलिबीत होतं, ताणतं आणि हवेतली धूळ धरून ठेवतं. त्या धुळीतला वाळूचा एक कण धारेला पुरतो. रोज वापरण्याआधी कोरडा तळहात दाबून चार वेळा फिरवा, एवढं बास होतं. चामडं खरंच खडखडीत झालं तर वर्षातून एकदा, बोटाला पुसट लागेल इतकंच. खाडीच्या काठच्या आपल्या गावांत तर अडचण उलटी आहे. जुलैत पट्टा बाथरूममध्ये टांगला किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर आठवड्यात पांढरी-हिरवी बुरशी येते. सुक्या फडक्याने पुसा, सावलीत वारा द्या, उन्हात टाकू नका, गुंडाळी करून ठेवू नका. तेलाचा थेंब लागतो तो वस्तऱ्याला: कार्बन स्टीलचं पातं पावसाळ्यात एका रात्रीत गंजाचे ठिपके धरतं.

हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. बारीक प्रतीचे कण अर्ध्या मायक्रॉनचे, आणि ते पोलाद खरवडतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या हिरव्या वडीत बऱ्याचदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे जाड कणही मिसळलेले असतात. रोजच्या पट्ट्याला ती एकदा लावली की निघत नाही. लावायचीच तर वेगळ्या तुकड्याला, महिन्या-दोन महिन्यांतून दहा हात. तरीही दगड टळत नाही. कारण साधं चामडं धार तयार करत नाही; दाढीत जरा वाकलेली, खरबरीत झालेली कड ते सरळ करतं, उजळतं. तुटलेली धार ते आणणार कुठून? २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं, की केसापेक्षा पन्नास पट कठीण असूनही ब्लेडच्या धारेचे टवके उडतात. केस वाकतो आणि पोलादाच्या रचनेत जिथे असमानता असते तिथे धार फुटते. टवका गेला की त्याच्या तळापर्यंतचं पोलाद घासून काढावं लागतं, आणि ते काम दगडाचं. वडिलांच्या धोकटीत पट्ट्याबरोबर दगड कायम असे.

आणि आता ते शेवटचं वाक्य. पट्टा सलूनमधून आळसाने गेला नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो आणि एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावल्याने पसरू शकतो. एचआयव्हीची जाणीव झाली तेव्हा प्रश्न आणखी टोकदार झाला. वस्तरा उकळता येतो. पट्टा उकळता येत नाही, उकळला तर चामडं आकसून कडक होतं. स्पिरिटने रोज पुसला तर तडकतो, आणि तरी चामड्याच्या छिद्रांत काय उरलं ते कोण सांगणार? ज्या पट्ट्यावर दिवसाला तीस जणांचा वस्तरा फिरतो, तो निर्जंतुक करायचा मार्गच नाही. म्हणून वडिलांनी नव्वदच्या दशकात पट्टा खुर्चीवरून काढला. गिऱ्हाइकासमोर कागदातलं ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं बसवायचं, झालं की टाकून द्यायचं. त्यात प्रत्येक दाढीमागे पैसे जात होते, ते त्यांच्या खिशातून. दगड आणि पट्टा यांवर मिळवलेलं सगळं कौशल्य त्यांनी गिऱ्हाइकाच्या जिवासाठी बाजूला ठेवलं. याला आळस म्हणणाऱ्याने त्या दुकानात एक दिवस उभं राहायला हवं होतं.

घरी एका माणसाचा वस्तरा आणि त्याचा स्वतःचा पट्टा, यात काहीच वाईट नाही. घरातल्या चौघांनी एकच वापरणं मात्र नको.

वस्तरा माझ्याकडे ठेवून घेतलाय. हजार नंबरच्या दगडावर खळगे निघायला पाऊण तास गेला, मग त्याहून बारीक चार हजार, मग आठ हजार. आज सकाळी उजेडात धरला तेव्हा चांदीची तार गेली होती, टाचेकडे नखाएवढी जागा सोडून. ती उद्या. भाच्याला रविवारी बोलावलंय. वडिलांचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ठेवलाय आणि त्याच्या मनगटावर दोन बोटं मी ठेवणार आहे.