पाळणा बांधणारी सून आणि माझ्या सासूबाई

वाईजवळच्या गावातल्या हौशी मंडळींच्या नवसावरच्या नाटकाने भाविक दुखावतील, असं त्या नाटकावरच्या लेखात म्हटलंय. मी दुसऱ्या प्रयोगाला सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या काळूबाईच्या भक्त. अंगात बळ होतं तोवर पौष पौर्णिमेची मांढरदेवची वारी त्यांनी चुकवली नाही. त्या अजिबात दुखावल्या नाहीत. मूल व्हावं म्हणून सून झाडाला पाळणा बांधते, हात थरथरतात, गाठच बसत नाही, तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. रात्री भाकरी करताना म्हणाल्या, "माझ्याकडूनही बांधून घेतला होता गं. तुझ्या सासऱ्यांना डॉक्टरकडे चला म्हणायची कुणाची छाती झाली नाही." माझ्या लग्नाला १९ वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

२५ जानेवारी २००५ ला मांढरदेवच्या यात्रेतल्या चेंगराचेंगरीत सुमारे ३०० माणसं गेली. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. नाटकात त्यावर एक वाक्य नाही, रंगमंचावर नुसत्या चपला पडलेल्या दिसतात. आमच्या रांगेत कुणी हललं नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. ही नाटकवाली मंडळी तेच करतायत. नाटकातलं शेवटचं डॉक्टरांच्या पात्राचं भाषण मात्र लांबलंय, ते कापा. आणि आमच्या गावच्या यात्रेत प्रयोग लावा, जेवणाची सोय आम्ही बायका करू.