ब्रुनोचं काळं पाणी

कुत्र्याला घेऊन काशीदला किंवा नागावला जाण्यात आता काही राम उरलेला नाही. सोसायटीतल्या एकूण एक लॅब्राडॉरने तिथली वाळू हुंगून झाली आहे, घोडागाडीवाल्यांवर भुंकूनही झालं आहे. तुमच्या ब्रुनोला याहून मोठं क्षितिज हवं. त्याने तसं बोलून दाखवलेलं नाही, पण आई-बापाला मुलाचं मन कळतं. लक्षद्वीप मनात असेल तर सोडून द्या. तिथे जायला माणसालाच परवाना काढावा लागतो आणि कुत्र्यांना तर बंदीच आहे. म्हणजे राहिलं अंदमान. तंबू, नारळाची झाडं, निळं पाणी आणि मधोमध गळ्यात रंगीत रुमाल बांधलेला ब्रुनो. रीलचं संगीत तुम्ही आधीच निवडून ठेवलं असणार.

घरातल्या ज्येष्ठांना पटवणं सोपं आहे. ‘सेल्युलर जेल बघायला’ म्हटलं की मराठी घरात अंदमानला नाही म्हणणारा निघत नाही. ब्रुनोला आत घेतील अशी आशा मात्र ठेवू नका. निम्म्यांनी आत जाऊन नतमस्तक व्हावं, निम्म्यांनी उन्हात पट्टा धरून उभं राहावं, मग पाळी बदलावी. कुणी कुरकुर केलीच तर इतिहास सांगा. १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली, त्याआधी अंदमानात कुत्रीच नव्हती. कैदी, शिपाई आणि कुत्री बोटींतून एकामागोमाग उतरली. मूळ अंदमानींनी त्यातल्या कुत्र्यांना लगेच आपलंसं केलं आणि रानडुकरांच्या शिकारीला नेऊ लागले. उरलेल्या दोघांबद्दल त्यांचं मत इतकं चांगलं नव्हतं.

विमानात ब्रुनो तुमच्या शेजारी खिडकीपाशी बसेल, हे चित्र डोक्यातून काढा. केबिनमध्ये कुत्रं घेणाऱ्या मोजक्या कंपन्या पिंजऱ्यासकट वजन करतात, आणि त्यांच्या आकड्यात ब्रुनोचं डोकं आणि फार तर एक पाय बसेल. बाकीचा ब्रुनो विमानाच्या पोटात, सुटकेसांबरोबर. चेन्नईला किंवा कोलकात्याला विमान बदलायचं असेल तर तेवढाच त्याचा मुक्काम वाढतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना बऱ्याच कंपन्या नेतच नाहीत, कारण त्यांना जमिनीवरसुद्धा श्वास पुरत नाही. हा उघड उघड नाकावरून केलेला भेदभाव आहे, त्यावर एक पोस्ट लिहा. झोपेची गोळी देऊन पाठवू म्हणाल तर डॉक्टर नाही म्हणतील. गुंगीत श्वास आणि अंगाचं तापमान दोन्ही बिघडू शकतं आणि खाली लक्ष ठेवायला कुणी नसतं. डॉक्टरांचं काय जातं, त्यांना थोडीच रील करायची आहे! विमान नकोच असेल तर बोट आहे. चेन्नईपासून सुमारे १,२०० किलोमीटर, दोन-तीन दिवस. ठरावीक विजेच्या खांबाशिवाय ब्रुनोला मोकळं होता येत नाही, हे त्या वेळी आठवून काही उपयोग नाही.

पोचल्यावर तो सारखा जीभ काढून हसताना दिसेल. लगेच फोटो काढा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना काय तो थोडा सुटतो. बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर घालवावी लागते, आणि हवा दमट असली की धापाही नीट कामाला येत नाहीत. अंदमानची हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, ४१ च्या वर गेलं की उष्माघात. पण फोटोत ४१ वाला ब्रुनो ३९ वाल्यापेक्षा जास्त आनंदी दिसतो, हेही खरं. तुमच्याकडे हस्की असेल तर प्रश्नच मिटला. ज्याने कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर मे महिना काढला, त्याला अंदमान काय करणार? वाळू किती तापली आहे हे पाहायला हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद टेकवून बघा, असं जाणकार सांगतात. तुमच्या पायात चपला आहेत. जाणकारांचं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

आता तंबूची जागा. सगळ्यांना हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) बेटावरच्या राधानगरचाच किनारा हवा असतो, आणि का नको? टाइम मासिकाने २००४ साली त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२० साली त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारा आंतरराष्ट्रीय निळा झेंडा, मिळाला. हा झेंडा देताना जे निकष लावतात त्यांत दोन असे आहेत: किनाऱ्यावर विनापरवाना तंबू नकोत, आणि कुत्र्यांच्या वावरावर कडक नियंत्रण हवं. म्हणजे जो निळा झेंडा मागे फडकताना दिसावा म्हणून तुम्ही एवढ्या लांब येणार, तो तुमच्या सहलीचे दोन्ही शब्द नको म्हणून लावलेला आहे. ही विसंगती फोटोत दिसत नाही, काळजी नसावी. राधानगर सोडून आडबाजूची पुळण शोधाल तर किनाऱ्यामागची झाडी बहुतेक वनखात्याची निघते. अंधारात बॅटरी घेऊन कुणीतरी येईल आणि म्हणेल, “साब, इधर टेंट नहीं लगाने का.” तुम्ही तंबूतूनच म्हणायचं, “भैया, ये काटता नहीं है.” त्याने कुत्र्याबद्दल विचारलेलं नसतं. पण कुत्रेवाल्यांचं हे एक वाक्य जगातल्या कुठल्याही आक्षेपाला चालतं. लिफ्टमध्ये चालतं, लहान मुलांच्या बागेत चालतं, तर वनरक्षकाला का चालू नये?

रात्रीची काळजी करू नका, रात्र भरपूर मिळते. अंदमान आपल्या पुष्कळ पूर्वेला, पण घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मुंबईत त्या वेळी लोक ऑफिसात चहाचा दुसरा कप घेत असतात. साडेपाचला काळोख, सहाला मॅगी, पावणेसातला गप्पांचे सगळे विषय संपलेले, आणि उजाडायला अजून जवळजवळ अख्खं घड्याळ फिरायचं आहे. ब्रुनोचा संध्याकाळचा फेरा घरी आठ वाजता असतो. तो आठपर्यंत तंबूच्या चेनकडे बघत बसतो आणि आठनंतर चेन खातो.

या वेळेत मनोरंजनाला सँडफ्लाय येतात. या वाळूतल्या माश्या डासापेक्षाही बारीक असतात, त्यामुळे तंबूची मच्छरजाळी त्यांना फारशी आडवी येत नाही. चावताना कळत नाही. खाज दुसऱ्या दिवशी सुटते आणि मग आठवडाभर सोबत करते. ब्रुनोला त्या पोटाच्या उघड्या कातडीवर धरतात. चांदणं हवं म्हणून तुम्ही पौर्णिमा गाठून गेला असाल तर आणखी एक बक्षीस आहे, उधाण. सगळ्यांत मोठी भरती पौर्णिमेला आणि अमावास्येलाच येते, हे कोकणातल्या आजीला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण तंबू तर ओल्या रेषेच्या अलीकडेच लावायचा, तिथूनच तर समुद्र नीट दिसतो.

आता मुख्य आकर्षण. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे तुमच्या सुट्ट्यांचा काळ, आणि नेमका हाच काळ समुद्रकासवांचा विणीचा. अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर चार जातींची कासवं येतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, चंचुमुखी (हॉक्सबिल) आणि सगळ्यांत मोठं लेदरबॅक, ज्याचं वजन काही क्विंटल भरतं. मादी रात्रीच्या भरतीबरोबर वर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, ऑलिव्ह रिडले असेल तर शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि जाते. मागे वळून बघत नाही. तिला पेट पेरेंटिंगची ओळख नाही. ती वर येत असताना समोर उजेड, हालचाल किंवा गाण्याचा डबा दिसला तर पुष्कळदा अंडी न घालताच परत फिरते. तुमच्या तंबूवर लोंबणारी ती पिवळ्या दिव्यांची माळ फार सुंदर आहे. दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्या एखाद्या घरट्यातून बाहेर पडणारी पिल्लं रात्री जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात, कारण लाखो वर्षं तिकडे समुद्र असायचा. आता तिकडे तुमच्यासारखाच कुणीतरी मॅगी करत असतो.

या सगळ्यात ब्रुनोचं नाक. तुम्ही त्याचं कौतुक घरी किती करता! बंद डब्यातलं पनीर त्याला दुसऱ्या खोलीतून कळतं. वाळूखाली हात-दीड हातावर असलेली शंभर अंडी त्याला कळणार नाहीत असं धरून चालणं हा त्याचा अपमान आहे. अंदमानात कासवांची घरटी उकरणाऱ्यांत कुत्र्यांचा नंबर फार वरचा आहे, म्हणून काही किनाऱ्यांवर वनखातं अंडी उचलून कुंपणात नेऊन ठेवतं. ही सगळी कासवं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या, परिशिष्टात येतात. तरी तुमच्यावर अविश्वास दाखवणं बरोबर नाही, कारण गेल्याच वर्षी वेळासच्या कासव महोत्सवात मुठीएवढी पिल्लं समुद्राकडे निघाली तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. तिथेही अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासूनच वाचवलेली असतात, पण ती गावची कुत्री. आपला ब्रुनो काही करत नाही.

हेच आश्वासन समोरच्यांकडून मिळेल असं नाही. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही. आरे कॉलनीच्या आसपास राहणाऱ्यांना ही केवढी चैन वाटेल! त्याऐवजी खाऱ्या पाण्यातली मगर आहे. ती कांदळवनात आणि खाड्यांत राहते, समुद्रातून पोहत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाते आणि संध्याकाळनंतर उथळ पाण्यात काय हलतंय याकडे तिचं बारीक लक्ष असतं. २०१० मध्ये याच राधानगरच्या टोकाला मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला. तेव्हापासून पाट्या आहेत, पोहायला जाळी लावलेल्या जागा आहेत. पाट्या तुम्ही वाचता. चेंडू मात्र पाण्यातच फेकायचा असतो, कारण ब्रुनोच्या अंगावरून उडणारे थेंब मावळत्या उन्हात सोन्यासारखे चमकतात. मगरीलाही तो त्याच वेळी सगळ्यांत चांगला दिसतो. त्याच्या वंशावळीच्या प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवून इथे काहीच साधत नाही.

लसींची वही मात्र न्याच. आरोग्यखात्याचे कागद रेबीज देशभर आहे असं सांगून पुढे अपवाद देतात, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप. एवढ्या मोठ्या देशात दोन ठिकाणं या रोगापासून मोकळी राहिली ती मधल्या समुद्रामुळे. हा समुद्र ओलांडणाऱ्या प्रत्येक पिंजऱ्याबरोबर त्या अपवादाची परीक्षा होते, आणि बूस्टर चुकवून ब्रुनोचं नाव सरकारी कागदात आणायची उमेद असेल तर बेत चांगला आहे. लेप्टोची लस आपल्यापेक्षा अंदमानात जास्त गरजेची. १९८८ पासून उत्तर अंदमानात माणसांना ताप येऊन फुप्फुसांत रक्तस्राव होऊ लागला. त्या रोगाला बेटाचंच नाव पडलं होतं, आणि पुढे तो लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदरांच्या मुताने दूषित पाणी आणि चिखल यांतून तो येतो, आणि कुत्र्यांनाही होतो. ब्रुनोला डबकं दिसलं की त्यात आधी पोट टेकवायचं असतं, नंतर प्यायचं असतं. बाटलीतलं पाणी तो फक्त घरी पितो.

किनाऱ्यावर स्थानिक कुत्री भेटतील. शेपटी हलवत तंबूपाशी बसतात, कुठलाही परवाना मागत नाहीत आणि गर्मीत कुठे झोपायचं, भरती कुठवर येते, पाण्यात कधी जायचं नाही हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याकडून काही शिकायच्या भानगडीत न पडता त्यांना बिस्किटं घाला. रोज दोन पुडे. बिस्किटांवर हंगामभर पोसलेली ही मंडळी पावसाळ्यात पर्यटक गेले की काय खातात, हा प्रश्न तुमच्या परतीच्या तिकिटानंतरचा आहे. त्यातल्या एकाला ‘रेस्क्यू’ करून पुण्याला आणण्याचा विचार तिसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या मनात येतो. पिंजरा एकच आहे हे चौथ्या दिवशी आठवतं.

परतीच्या सामानात ब्रुनोचं आवडतं पांढरं हाडूक निघेल. किनाऱ्यावर तो तीन दिवस तेच चघळत होता, म्हणून तुम्ही कौतुकाने त्याच्या गादीत गुंडाळून ठेवलं. ते हाडूक नसून प्रवाळ आहे, वाहून आलेलं, मेलेलं. मेलेलंही नेता येत नाही; कायद्याच्या ज्या परिशिष्टात वाघ आहे त्यातच हेही आहे. विमानतळावर तपासणी होते. तुम्ही म्हणाल, आम्ही नाही उचललं, यानेच उचललं. ते खरंही असेल. फक्त पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर प्रवाशाचं म्हणून कुणाचं नाव छापलं आहे, तेवढं रांगेत उभं राहण्यापूर्वी एकदा वाचून घ्या.