‘जंगलाला अभ्यास नको, कुंपण हवे’ या संदेशाचा प्रतिवाद

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडे एक संदेश फिरू लागतो: हवामान पूर्वीपासून बदलतेच आहे, निसर्ग आपोआप जुळवून घेतो, राष्ट्रीय उद्यानांत संशोधनावर पैसा उधळण्यापेक्षा कुंपण घाला आणि झाडे लावा. खानदेशात राष्ट्रीय उद्यान नाही, यावल आणि अनेर डॅम ही अभयारण्ये आहेत; पण हाच उपाय त्यांच्याही माथी मारला जातो, म्हणून हे मुद्दे तपासणे भाग आहे.

हवामान पूर्वीही बदलले, हे खरेच. परंतु मागच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी सुमारे ५ अंशांनी तापली, त्याला हजारो वर्षे लागली. आताची १ अंशाहून अधिक वाढ जेमतेम दीडशे वर्षांतली आहे. थंडाव्यासाठी वर सरकणाऱ्या जीवाला एका अंशामागे साधारण दीडशे मीटर चढावे लागते. हिमालयात तेवढी जागा आहे. सातपुड्यातला अस्तंभा मात्र सुमारे १,३२५ मीटरांवर संपतो. माथ्यावरच्या जीवांनी तिथून पुढे कुठे जायचे?

कुंपणाचे थोडक्यात सांगता येईल. काझीरंगा राष्ट्रीय उद्यानात ब्रह्मपुत्रेचा पूर चढला की प्राणी महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे निघतात. तिथे बंदिस्त कुंपण घालणे म्हणजे त्यांना पाण्यात कोंडणे होय.

संशोधन ही उधळपट्टी वाटणाऱ्यांनी रानपिंगळ्याची, म्हणजे रानातल्या एका लहानशा घुबडाची, हकीगत आठवावी. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती आणि तो नामशेष झाला असेच बहुतेकांनी धरले होते. ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचे सांगितलेला नमुना प्रत्यक्षात चोरीचा, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ही लबाडी उघडकीस आणणाऱ्या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भिस्त ठेवली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना हा पक्षी शहाद्याजवळच्या रानात सापडला. भरदिवसा उघड्या फांदीवर शेपटी हलवत बसणारा हा पिंगळा शतकाहून अधिक काळ हरवलेलाच राहिला होता.

सरसकट वृक्षारोपण तर याच पक्ष्याच्या मुळावर येऊ शकते. त्याला विरळ, कोरडे सागवानी रान आणि घरट्यासाठी जुन्या झाडांतल्या ढोल्या लागतात. रांगेने दाटीत लावलेल्या रोपांत ढोली व्हायला कित्येक दशके जावी लागतात. रान उघडे दिसले की खड्डे खणण्याची आपल्याकडे भारीच घाई असते.

पाणवठा केव्हा आटला, मोह केव्हा फुलला, वणवा कुठून शिरला, हे वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी नोंदवले, तरच टँकर कुठे न्यायचा, वणवा अडवणारी जाळरेषा कुठे काढायची आणि यावलच्या रानातून मध्य प्रदेशाकडे जाणारी कोणती वाट मोकळी ठेवायची, हे ठरवता येईल.